फवारे सुरू झाल्यावर वाचावे

मी, खाली सही करणार, रेल्वेचे डबे आणि पुढे अख्ख्या गाड्या बांधणाऱ्या आपल्या कंपनीच्या संस्थापकांची पत्नी, वय डॉक्टरांना ठाऊक आहे, कोणाच्याही धाकाला, भूलथापांना किंवा चिरंजीवांनी अलीकडे रोज पाठवलेल्या पुष्पगुच्छांना बळी न पडता, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. याआधीची सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. हे शांतपणे लिहिले आहे, त्यामुळे जास्त झोंबेल.

वाचनाच्या जागेविषयी वकीलसाहेबांना बजावून ठेवले आहे. हे पाकीट घरी, कार्यालयात किंवा गारेगार सभागृहात उघडायचे नाही. चाचणीच्या शेडमध्ये जो निळा डबा उभा आहे, त्यात चिरंजीव, माझी धाकटी लेक आणि माझे दीर, म्हणजे भाऊजी, यांनी पांढरे कपडे घालून बसावे. दारे-खिडक्या लावाव्यात, बाहेरून चहूबाजूंनी फवारे सोडावेत आणि मग चिरंजीवांनी हे मोठ्याने वाचावे. हा तोच डबा, ज्याच्या चाचणीच्या दाखल्यावर सही करायला धाकटीने नकार दिला आणि चिरंजीवांनी ती स्वतःच्या हाताने केली.

बस बाळा. खिडकीजवळची जागा तुझ्यासाठी ठेवायला सांगितली आहे.

कलम पहिले. माझ्या नावावर कंपनीचे जे शेअर्स आहेत, ते फार नाहीत. पण चिरंजीव आणि धाकटी यांचे सारखेच असल्यामुळे माझे ज्याच्याकडे जातील त्याचा शब्द चालेल. चिरंजीवांना कंपनी विकायची आहे. घेणाऱ्यांना आपले नाव हवे आहे, कारखाना नको. कारखाना पाडून तिथे ते दुकाने बांधणार आहेत. धाकटीला तिथे गाड्याच बांधायच्या आहेत. तेव्हा प्रश्न एवढाच, की माझे शेअर्स कोणाला. ते शेवटच्या कलमात लिहिले आहे. पाने उलटून बघू नकोस, वकीलसाहेबांचे लक्ष आहे.

कलम दुसरे. चिरंजीवांनी छापून घेतलेला कंपनीचा गौरवग्रंथ, माझ्या वाट्याला आलेल्या सगळ्या प्रतींसह, मी चिरंजीवांना साभार परत करते. आत गुळगुळीत कागद आहे आणि त्यावर तितकाच गुळगुळीत इतिहास. पहिल्याच पानावर लिहिले आहे, 'द्रष्ट्या संस्थापकांनी भविष्याचा अचूक वेध घेतला.' कसला वेध नि कसलं काय! आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये हातगाड्या बांधत होतो. रेल्वेचा एक साहेब सामान वाहायच्या गाड्यांची ऑर्डर द्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, "डबे बांधता का हो तुम्ही?"

"बांधतो की!" हे म्हणाले.

साहेब वळणावरून दिसेनासा झाल्यावर मी विचारलं, "अहो, कधी बांधलात?"

"आता बांधू," म्हणाले. "हातगाडीच ती. जरा लांब."

ग्रंथात माझ्याबद्दलही एक ओळ आहे, नाही म्हणायचं नाही. 'त्यांना सुविद्य पत्नीची मोलाची साथ लाभली.' पहिल्या डब्यातली एकूण एक सीट मी शिवली. सुई रेक्झिनमधून ओढताना बोटांची सालटं निघाली. पुढे सीटा शिवायचं अख्खं खातं मी उभं केलं, आणि लाभली काय, तर साथ! ज्याने ही ओळ लिहिली त्याला त्या सीटांवर न बसता उभ्याने प्रवास घडो.

कलम तिसरे. भाऊजींना त्यांची केबिनमधली फिरती खुर्ची देण्यात यावी. त्यांना वाटते ती हरवली. ती माझ्याकडे आहे. ग्रंथात 'जागेअभावी कारखान्याचा विस्तार करण्यात आला' असे एक वाक्य आहे, त्यामागची हकिकत अशी. पहिल्या डब्याची उंची मोजायचे काम भाऊजींकडे होते. त्यांनी ती चोख मोजली. डबा ठोकळ्यांवर असताना मोजली. चाके लावायची राहिली होती. चाके लावल्यावर डबा ऐटीत दारापर्यंत आला आणि वरच्या तुळईला ठो! दाराच्या बरोबर वर, माळ्यावर, भाऊजींनी स्वतःसाठी हौसेने केबिन बांधून घेतली होती. दुसरा मार्गच नव्हता. केबिनची जमीन काढली, तुळई काढली, आणि आमचा पहिला डबा भाऊजींच्या केबिनमधून जगात आला. तेव्हापासून भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत, कारण तो गोंधळ बघून मी हसले. भाऊजी, खरं सांगते, अजून हसते. खुर्चीचे रेक्झिन मी नवीन घातले आहे. हौसेने घातले आहे. बसा.

खिडकीपाशी सगळं ठीक ना? पुढे वाच.

कलम चौथे. माझी शिवणाची दोन्ही यंत्रे आणि मोठी कात्री सीटखात्यातल्या बायकांना मिळावी. माझा जुना टॉवेल मात्र कोणाला द्यायचा ते पुढे येईल. या टॉवेलचा ग्रंथात उल्लेख नाही, तेव्हा मीच करते. डबा केबिनमधून बाहेर पडला त्याच दिवशी यांनी त्याच्यावर नळ्यांनी पाणी सोडायला लावले आणि स्वतः इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आत जाऊन बसले. मी बाहेर उभी. हे बाहेर आले ते चिंब! खिडकीच्या रबरातून पाणी आत आलं होतं. रेल्वेचा साहेब तिथेच उभा, सगळं बघत होता. भाऊजी यांच्या कानाशी लागले, "रंगाचा हात मार आणि देऊन टाक. पाऊस काय रोज पडतो?" मी यांना टॉवेल दिला, यांनी तोंड पुसलं, आणि ओल्या अंगानेच डब्याला खांदा लावला. डबा परत आत. त्या ऑर्डरची मुदत हुकली, आणि पुढची हातात येईपर्यंत आम्ही पुन्हा हातगाड्या विकल्या.

तेव्हापासून रीत पडली. डब्यात आधी मालक बसेल, मग प्रवासी. ग्रंथात वाढीचे भलेमोठे तक्ते आहेत, पण वाढ झाली ती अशी. डबा कोरडा निघाला म्हणून दुसरा मिळाला. मग मालगाडीच्या वाघिणी, मग झोपायचे डबे, मग इंजिने, मग अख्ख्या गाड्या. पत्र्याच्या शेडच्या जागी हा कारखाना झाला. परक्या मुलुखातले लोक यायचे, गाडीची किंमत नंतर विचारायचे, आधी विचारायचे, "तो पांढऱ्या सदऱ्यातला माणूस कुठाय?" आणि मी प्रत्येक वेळी बाहेर टॉवेल घेऊन उभी. पुढेपुढे त्या टॉवेलला वर्षानुवर्षे पाणी लागलं नाही. हे कोरडे ठणठणीत बाहेर यायचे आणि म्हणायचे, "ने तो, आज पण उपयोग नाही." एवढं गोड वाक्य त्यांनी मला दुसरं बोलून दाखवलं नाही. हे गेले तेव्हा सगळ्यात आधी मला तेच वाक्य आठवलं आणि मी खूप रडले.

कलम पाचवे. राहते घर दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. मधे भिंत घालायची झाल्यास मोजमाप भाऊजींना सांगू नये.

कलम सहावे. चिरंजीवांविषयी. त्यांच्या वडिलांनंतर मालक म्हणून डब्यात बसायची पाळी त्यांची होती. ते एकदा बसले. रेनकोट घालून बसले. डब्यावर एवढा विश्वास असलेला मालक मी आजवर पाहिला नव्हता. मग म्हणाले, "आई, जग कुठे चाललंय! एवढ्या डब्यांत मी बसत राहू? थोडे नमुन्यादाखल तपासू. बाकीचे तसेच." म्हणजे प्रवाशांनीही नमुन्यादाखलच कोरडं राहायचं का रे? मग त्यांच्या जागी धाकटी बसू लागली. पांढरे कपडे घालून, एकेका डब्यात. या निळ्या डब्यातून ती भिजून बाहेर आली. भावाला म्हणाली, "दादा, हा जात नाही. खिडक्यांचं रबर हलकं आहे."

"विकायच्या वेळी खोट काढू नकोस. तुला कळतं का त्यात काही?"

"मला भिजलेलं कळतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिची बदली पाहुण्यांच्या बंगल्यावर. चादरी मोजायला. गाड्या बांधणाऱ्या माणसाची मुलगी! आणि तू साहेब! बाळा, मी तुझी आई आहे, तू खोटं बोलायला लागलास की तुझे कान लाल होतात हे मला तू बोलायला लागल्यापासून माहीत आहे. त्या दिवशी सही करताना लाल झाले होते. मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण वाईट जास्त वाटलं.

शेवटचे कलम. वकीलसाहेबांनी खात्री दिली आहे की अट घालून देणगी देता येते, आणि अट पाळली गेली की नाही हे तेच बघतील. अट सोपी आहे. एवढं वाचून झाल्यावर चिरंजीवांनी उभे राहावे आणि आपला सदरा सगळ्यांना दाखवावा. सदरा कोरडा असेल, तर माझे सगळे शेअर्स चिरंजीवांचे. मग खुशाल विका. ज्याला कोरडा डबा बांधता येतो, त्याला विकायचाही हक्क आहे, आणि मी खोटी ठरले याचा मला वर बसून आनंदच होईल. सदरा ओला असेल, तर सगळे शेअर्स धाकटीचे. कारखाना राहील, तिची बदली रद्द होईल, आणि हा डबा आजच्या आज परत आत जाईल.

ओला असेल तर लाजू नकोस रे. तुझे वडीलही पहिल्या दिवशी ओलेच बाहेर आले होते. तिथून पुढे जे काही झालं, ते त्यांनी डबा परत ढकलला म्हणून झालं. बहिणीच्या बरोबरीने खांदा लाव. ती नको म्हणणार नाही, मी तिला ओळखते.

आणि आता सीटखाली हात घाल. ही सीट मीच शिवली आहे. खाली टॉवेल आहे.

सही: संस्थापकांची पत्नी, सीटखात्याची पहिली कारागीर

साक्षीदार पहिले: घरचे डॉक्टर. 'लिहून देणार यांची बुद्धी शाबूत आहे. तपासताना त्यांनी माझ्या दवाखान्याच्या खुर्च्यांची शिवण उसवलेली दाखवून दिली.'

साक्षीदार दुसऱ्या: सीटखात्याच्या मुकादमीण. 'माझ्यासमोर सही केली. टॉवेल ठेवायला त्या डब्यात चढल्या तेव्हा मीच शिडी धरली होती.'

स्थळ: चाचणीची शेड, निळा डबा, खिडकीजवळची जागा
दिनांक: चिरंजीवांनी डब्यावर सही केली, त्याच्या पुढच्या आठवड्यात, सकाळी