केमिकलला एक तरी नाव

४ ऑगस्ट

डायरेक्टर साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा मागवला — तेव्हाच ओळखलं, काहीतरी गळ्यात पडणार. हा माणूस फुकट चहा पाजत नाही! "सर, केमिकलला यंदा एकही ॲडमिशन नाही. महिनाअखेर एक तरी नाव आणा. नाहीतर ब्रँच बंद. तुम्ही मग फर्स्ट इयरला ड्रॉइंग शिकवा."

तीस वर्षं शिकवतोय. ब्रँच मीच उभी केली. लॅबमधला तो उंच डिस्टिलेशन कॉलम मीच पोरांना हाताशी धरून बसवला. आज वाळूजला कुठल्याही कारखान्यात जा, "सर, ओळखलं का?" म्हणणारा एक तरी भेटतोच.

आणि खरं लिहू? केबिनमधून बाहेर पडताना वाटलं, होऊ दे बंद एकदाची.

७ ऑगस्ट

शहागंजात कॉलेजची पत्रकं वाटली. पीएचडी, आणि हातात पत्रकं! एक दुकानदार म्हणाला, "प्रोफेसर साब, क्लासेस खोले क्या?" हो म्हटलं. कुठं डोकं लावायचं!

८ ऑगस्ट

पाय ठणकतायत. बास.

१२ ऑगस्ट

खुलताबादच्या पुढं एका वस्तीवर गेलो. घर सोनाजीचं. शेळ्या-मेंढ्या राखतो. लेक सृष्टी बारावी सायन्स, मार्क झकास. पत्रक पुढं केलं तर शेळीनं ओढून खाल्लं! आख्ख्या तालुक्यात त्या शेळीलाच केमिकलची आवड!

सृष्टीला कॉलम समजावत होतो. खाली मिश्रण उकळायचं, वाफ वर जाते, थंड करून गोळा करायची. त्यातलं थोडं परत कॉलममध्ये सोडायचं. ती पटकन म्हणाली, "सर, मिळालेलं परत खाली कशाला सोडायचं?"

थर्ड इयरची पोरं हे विचारत नाहीत, नुसतं पाठ करतात. उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात सोनाजी मधेच बोलला.

"मास्तर, एक इचारू का? तुमच्या सोताच्या लेकीला घातलं असतं का तिथं?"

माझी सायली पुण्याला कॉम्प्युटरला. फॉर्म मीच भरला होता.

"नाही," म्हणालो. "ब्रँच बंद पडायला आलीय. सरकारी कॉलेजात नंबर लागतोय का बघा. ॲडमिशनची अजून एक फेरी आहे."

सोनाजीनं आत चहा टाकायला सांगितलं. मग म्हणाला, "च्या घेऊन जा."

घरी हिला सांगितलं. "वा! आमचे राजा हरिश्चंद्र!" म्हणाली.

१३ ऑगस्ट

हरिश्चंद्र कसला! रात्रभर तेच डोक्यात. पोरीच्या भल्यासाठी नाही म्हणालो, की माझ्या सुटकेसाठी? ती आली की पुन्हा तास, पुन्हा प्रॅक्टिकल, पुन्हा पहिल्यापासून सगळं. आणि माझी रिटायरमेंट पुढच्या वर्षी. जीवच राहिला नाही आता.

पोरगी मात्र हुशार आहे. लई हुशार.

२९ ऑगस्ट

"एकही नाही? कमाल आहे सर!" — साहेब. उद्या शनिवार, शेवटचा दिवस.

लॅबमध्ये जाऊन कॉलम रिकामा केला. पुसला. वर जुनी चादर टाकली. रडू आलं. या वयात, चादर टाकताना! हसावं की काय करावं.

३० ऑगस्ट

ऑफिस बंद होता होता सोनाजी आला, लेकीला घेऊन. केमिकललाच. नाव लागलंसुद्धा.

"अहो, मी नको म्हणालो होतो ना!"

"म्हणून तर आणली, मास्तर. जिथं गेलो तिथं समदे हसून या, या म्हणले. तुम्ही एकटेच नाय म्हणलात. खरं बोलणारा मास्तर पायजे हिला."

सृष्टी म्हणाली, "सर, ते परत खाली सोडायचं सांगायचं राहिलंय."

सोमवारी चादर काढायची. पण सोनाजीला कसं सांगू? त्या दिवशी खरं बोलायचं म्हणून बोललो नव्हतो मी. दमलो होतो, एवढंच.