बोलक्या पाटीचं बटण

४ जुलै
चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद. तुझी बोलकी पाटी पोचली. बारीक खिळे वर येऊन अक्षर उठतं आणि बोट लागलं की पाटी त्याचं नाव सांगते. अंध विद्यालयात सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. मी कपाळाला हात लावून बसलेय. जुनी लिपी शिकणारी माझी पोरं बोट टेकवतात, नाव ऐकतात आणि मोकळी होतात. तुझी भाचीही त्यातलीच.
नोव्हेंबरात तिला संग्रहालयातली कोरीव शिळा बोटांनी वाचायची आहे. जमलं तर तिथेच वाचक म्हणून नोकरी. शिळा काही बोलत नाही. आवाज बंद करायचं बटण कुठे आहे, तेवढं कळव.
लोभ आहे, सध्या रागाखाली दबलाय.
ताई

१० जुलै
ती. ताईस,
सा. न. वि. वि. बटण नाही. आवाज हाच पाटीचा जीव; पाटीला कारखान्याचं बक्षीस मिळालं तेही त्यासाठीच. तुला प्रत्येक यंत्रात खोट दिसते. आमच्या कारखान्यात सगळ्यांनी पाटी वापरली, एकही अक्षर चुकलं नाही.
राग उतरला की लोभ कळवावा.
खटपट्या

१६ जुलै
चि. खटपट्यास,
आशीर्वाद, हात आखडता घेऊन. काल पोरीला लाकडी अक्षर दिलं. तिनं ते चाचपलं, उलटसुलट फिरवलं आणि मग रडली. आई, मला काहीच येत नाही म्हणाली. आता तू डोळ्यांवर पट्टी बांध, कानात कापूस कोंब आणि एक तरी अक्षर ओळख. मग मला खोट काढणारी म्हण.
ताई

२३ जुलै
ती. ताईस,
सा. न. वि. वि. एकही ओळखता आलं नाही. मग पट्टी काढली, तरीही नाही. ही लिपी मला येतच नाही, ताई; अक्षरं पुस्तकातून बघून पाटीत भरली होती. कारखान्यातही कुणाला येत नाही. पाटी जे म्हणेल त्याला आम्ही माना डोलावल्या. पोरीचं रडणं डोक्यातून जात नाही. बटण बसवून दुसरी पाटी पाठवतोय.
रागासकट लोभ असावा.
खटपट्या

२८ नोव्हेंबर
चि. खटपट्यास,
भरभरून आशीर्वाद. पाटी आली त्या दिवसापासून पोरीनं आवाज बंदच ठेवला. बोटं सोलवटली, मला टाकून बोलली, जेवण अर्धवट टाकलं. पण हटली नाही. काल शिळेवर अडखळली, एकदा चुकली, स्वतःच मागे जाऊन सुधारलं. नोकरी मिळाली.
सोबतच्या लाकडी फळीवर तिनं तुला जुन्या लिपीत पत्र कोरलंय. तुझ्या पाटीला ते उमगायचं नाही आणि मी सांगणार नाही. रविवारी ये. भाचीशेजारी बस, ती तुझं बोट धरून वाचायला शिकवेल.
लोभ मोकळा झालाय.
ताई