दिवा लागला की

प्रिय अण्णा,

“दिवा लागला की ताट उपडं, मग दारात राजा येऊ दे.” आईचं हे वाक्य आठवतं ना? सदलग्याला मळ्यातून यायला उशीर झाला की ती आपल्याला वाढायची, एवढं बोलायची आणि सूर्यास्तानंतर न खाण्याचा नेम म्हणून स्वतः पाणीही न पिता झोपायची.

आई बरी आहे, असं मी तुला फोनवर दर वेळी सांगते. आता ती मला ओळखत नाही, स्वतःची थोरली बहीण समजते. मागे एकदा माझा पदर धरून कुजबुजली, “आक्का, आमची अनू लई कडक झालीया. मला जेवायलाच देत न्हाय गं.” मी ते हसण्यावारी नेलं.

शनिवारी शेजारच्या प्रेमलाकाकूंना तिच्याजवळ बसवून मी टिळकवाडीत त्या गटाला जाते. “घरातलं चार परक्यांत कशाला?” असं तू म्हणाला होतास. तिथं डिमेन्शिया झालेल्यांना सांभाळणारे आम्ही गोल करून बसतो आणि रूपालीताई नावाच्या समुपदेशक ऐकून घेतात. वडगावचे परशराम, विणकर, मागच्या वेळी म्हणाले, “बायको हाका मारत बसती, मी माग बंद करत न्हाय. आवाजात ऐकू येत न्हाय, तेवढंच बरं वाटतं.” आणि रडायला लागले. कुणीही त्यांना वाईट म्हटलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, थोडी दमते, एवढंच.

खरं ते तुला सांगते. जेवून हात धुऊन उठली की आई पुन्हा ताट मागते. एकदा शिकवणीची मुलं बसली होती आणि तिचं मागणं थांबेना. मी भर दुपारी तिच्या खोलीचे पडदे ओढले, दिवा लावला आणि म्हणाले, “आई, दिवा लागला.” तिनं लगेच हात जोडले, णमोकार मंत्र पुटपुटला आणि गप्प पडून राहिली. इतकं सोपं होतं ते, अण्णा. मग मी तेच करत गेले. गेल्या सोमवारीही केलं. मुलं गेल्यावर स्वयंपाकघरात पाहते तर तिचं ताट सकाळपासून झाकलेलं, तसंच. त्या दिवशी ती जेवलीच नव्हती. दूधभात कालवून घास ओठांशी नेला, पण तोवर बाहेर खरंच अंधार पडला होता. तिनं तोंड फिरवलं. “दिवा लागलाय की गं.” पाण्याचा घोटही घेतला नाही. मी वाटी घेऊन तिच्या पायाशी बसून राहिले. आक्काला तिनं सांगितलं होतं, ते काही खोटं नव्हतं.

रूपालीताईंनी सांगितलंय, घरच्या एका माणसाकडे एक तरी गोष्ट मागा, तो नाही म्हणेल असं वाटलं तरी. म्हणून हे पत्र. पुन्हा तसं करायचं नाही असं ठरवते, पण मुलं यायची वेळ झाली की माझी नजर पडद्याकडे जाते. माझं ती ऐकत नाही. तुझा आवाज मात्र तिला अजून आप्पांचा वाटतो, आणि नवऱ्याचा शब्द ती मोडत नाही. तू स्वतः हा नेम पाळतोस, तुला हे पाप वाटेल आणि तू नाहीच म्हणशील, हे मला ठाऊक आहे. तरी एकदा ये. तिचा हात हातात घे आणि सांग, तुझा नेम पुरा झाला, आता दिवा लागला तरी जेवायचं.

तुझीच,
अनू