झील म्हणजे मुलगा, सर

सर, तुमच्या शोकसभेला मी आले नव्हते. तब्येतीचं कारण कळवलं होतं. तब्येत ठणठणीत होती. विभागातल्या सगळ्यांनी तुमच्या मोठेपणाबद्दल बोलायचं आणि मी मान डोलवायची, हे मला जमलं नसतं. तुमच्या हाताखाली चार वर्षं तेवढंच केलं होतं.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मी मालवणची म्हणून तुम्ही मला प्रबंधासाठी जात्यावरच्या ओव्यांचा विषय दिलात. उपकार म्हणून दिलात आणि तसं बोलूनही दाखवलंत. सुट्टीत मी टेपरेकॉर्डर घेऊन गावी यायचे. आमच्या शेजारच्या काकीने मला साठेक ओव्या दिल्या. मासे विकून आली की अंग धुऊन जात्यापाशी बसायची. त्यातली एक:

झील माजो गेलो दर्याच्या पैलाडी,
जात्या बाये सांग, कोण तेका वाढी.

काकीचा मुलगा होडीवरून पडून बुडाला होता. पैलाडी त्याला जेवायला कोण वाढत असेल, एवढंच ती विचारत होती. मी समासात लिहिलं होतं, ‘झील म्हणजे मुलगा’. तुम्ही ते लाल शाईने खोडलंत. ‘कोश पाहिलात का?’ कोशात झील म्हणजे पोवाड्यात शाहिराच्या मागून ओढतात तो सूर. मी म्हटलं, ‘सर, आमच्याकडे मुलाला झील म्हणतात.’ तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, ‘तुमच्याकडे बरंच काही म्हणतात. विद्यापीठात अर्थ सिद्ध करावा लागतो.’ मग तुमच्या लेखात त्या दोन ओळींचा अर्थ छापून आला: माझं गाणं समुद्रापार गेलं, आता ते पुढे कोण वाढवणार? लोकांनी वाहवा केली.

आणि वर विद्यापीठाच्या बहिःशाल व्याख्यानासाठी तुम्ही मालवणलाच आलात. ज्ञान लोकांच्या दारी न्यायचं, हे तुमचं लाडकं वाक्य. शाळेच्या हॉलमध्ये काकी दुसऱ्या रांगेत बसलीय, ठेवणीतलं लुगडं नेसून. मीच तिला बोलावलंय. तुम्ही तिची ओवी म्हणता, अर्थ सांगता, आणि ती उभी राहते.

‘सर, गजाल तशी नाय. झील म्हणजे माजो पोरगो. बुडालो तो.’

मागे कोणीतरी हसलं. तुम्हीही हसलात, अगदी प्रेमळ. ‘आजी, कवीला आपल्या कवितेचा अर्थ ठाऊक असतोच असं नाही.’ टाळ्या पडल्या. काकी माझ्याकडे वळली. ‘गो, तू सांग मां तेंका. तू खंयची? मालवणचीच मां?’

माझा प्रबंध तुमच्या टेबलावर होता, सहीसाठी. मी म्हटलं, ‘सर म्हणतात तसाही अर्थ घेता येतो, काकी.’

तिने मला नीट पाहून घेतलं. ‘बरां. म्हणजे गाणां बुडालां, झील नाय. मगे येतलो तो घराक. जेवाण रांदून ठेवतंय.’ आणि रांगेतून वाट काढत ती निघून गेली. तिने मला पुन्हा एकही ओवी सांगितली नाही. माझ्या आईशी बोलायची, माझ्याशी नाही.

तुम्ही सही केलीत. मला नोकरी लागली, पुढे मीही मार्गदर्शक झाले. शब्दाचा अर्थ आधी बोलणाऱ्याला विचारा, मग कोश उघडा, असं विद्यार्थ्यांना दरडावून सांगत राहिले. उदाहरण म्हणून हीच गोष्ट सांगायचे, तुमचं नाव न घेता. पण कोणाविषयी आहे हे सगळ्यांना कळायचं. कळावं अशीच माझी इच्छा असायची. तुम्ही अडाणी होता, सर. कोशासकट अडाणी. तुम्ही गेलात म्हणून हे मत बदलायचं मला कारण दिसत नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एक लिहून टाकते. ती गोष्ट सांगताना मी नेहमी म्हणायचे की काकीने विचारल्यावर सरांनी मला डोळ्यांनी दटावलं. तुम्ही दटावलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहतही नव्हता. पाणी पीत होता.