वॉकओव्हर म्हणजे चालावंच लागतं

तीर्थरूप दादास,

रूपाचा जयभीम. तुमचा खोकला थांबला असेल. नसेल तर बिडी थांबलेली नाही, असं मी समजते. वहिनी इथं खुशाल आहेत. जरा जास्तच खुशाल आहेत, म्हणून तर हे पत्र.

रविवारी आमच्या कॉलनीत पन्नाशीपुढच्या बायकांची चालण्याची स्पर्धा होती. विहारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं अन् परत यायचं. नावं आली सहा. (त्यातलं एक आपल्या भामावहिनींचं, यादी भरलेली दिसावी म्हणून मीच घुसडलेलं. त्या म्हणाल्या, "मला नाय चालायचं बिलायचं," आणि मेथी निवडत बसल्या.) सकाळी सातला नवेकोरे बूट घालून मी हजर, बाकी कुणाचा पत्ता नाही. एकीची सून बाळंत झालेली, एकीला नवऱ्यादेखत भरभर चालायची लाज, उरलेल्या झोपेत. संयोजक शिवम म्हणाला, "काकू, तुम्हाला वॉकओव्हर! कप घ्या अन् घरी जा."

मी कपाला हात लावणार, तोच आमची मेघा मध्ये पडली. (लेक कॉलेजात इंग्रजी शिकवते, अन् रविवारीही सुट्टी देत नाही.) म्हणे, विलायतेत घोड्यांच्या शर्यतीत एकच घोडा उरला, तरी त्याला बक्षीस फुकट मिळत नसे, सगळी वाट चालून दाखवावी लागे, म्हणून ते वॉकओव्हर. दादा, पोटच्या पोरीनं चारचौघांत माझा घोडा केला! आता न चालता कप नेला असता, तर कॉलनी वर्षभर खिंकाळली असती. निघाले.

एकटीनं शर्यत चालणं लई अवघड. एक रिक्षावाला थांबून विचारतो, "खाला, किधर छोडूं?" विहारासमोरच आमचं घर, दहा पावलं गेले नाही तोच वहिनी बाहेर आल्या, पायात घरातल्या चपला. "रूपाताई, एकट्याच कुठं निघाल्या? थांबा, मी येते सोबत." सोबत म्हणून आल्या हो! पण त्यांना रोज शेतावर चालायची सवय. बोलता बोलता त्या पुढं गेल्या, मी मागं. हाक मारावी तर दम नाही. रेघ ओलांडली तेव्हाही त्या माझ्याशीच बोलत होत्या. मी सोबत नाही, हे त्यांना मागाहून कळलं. शिवमनं यादी काढली. नाव होतंच.

वॉकओव्हर मिळालेली बाई दुसरी आली, दादा. दुपारी मला जेवण गेलं नाही. वहिनींनी कपात खडेमीठ भरून ठेवलंय.

तुमची,
रूपा

ता. क. वहिनींना लगेच सोयगावला बोलावून घ्या. म्हैस आजारी आहे, असं काहीही सांगा.

ता. क. नका बोलावू. आज पहाटे त्यांच्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या, चारच पावलं मागं राहिले. मी पुढं गेल्याशिवाय त्यांना सोडणार नाय. तोवर तुमचा स्वयंपाक तुम्हीच बघा.