कुरतडलेलं दार

२ नोव्हेंबर

पोचले बाई एकदाची फरीदाबादला! नांदेडच्या गाडीत अंग नुसतं आंबून गेलं, पण स्टेशनावर नात दिसली आणि शीण पळाला. उन्नती, आठ वर्षांची. ही वही तिनंच दिली. म्हणाली, आजी, रोज लिही, मला तुझं मराठी वाचायचंय. मी तिसरी शिकलेली, अक्षर कोंबडीच्या पायाचं, तरी लिहिते.

घर नीटस आहे. समोरच बाबासाहेबांचा फोटो. मुलगा समाधान सरकारी हापिसात, सून रेवती एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळते. मी म्हटलं, आमच्याकडं उंदीर मारतात, तुमच्याकडं त्यांना वाढतात होय! स्वयंपाकघराच्या दाराची खालची कड कुरतडलेली दिसली, तेव्हा म्हटलं, तिथले घरी राहायला आले का काय? रेवती हसली नाही. फ्रिजलाही कडी ठोकलीय. शहराच्या तऱ्हा, दुसरं काय.

५ नोव्हेंबर

आज ज्वारीची भाकर, उडदाचं वरण, वर तुपाची धार. पोरीनं अर्धी भाकर खाल्ली आणि ताट सारलं. बस आजी, पोट भरलं, म्हणे. आठ वर्षांचं लेकरू आणि अर्धी भाकर! हाताच्या काड्या झाल्यात. भिंतीवर तिचा चौथ्या वर्षीचा फोटो आहे, काय गाल, मनगटाला काय वळ्या! मग झालं काय? तर रोज सकाळी रेवती तिला सुई टोचते. विचारलं, तर म्हणाली, आई, हार्मोनचं औषध आहे, बंद करता येत नाही. समाधाननं औषधाची बाटली फ्रिजात ठेवून कडी लावली.

बहात्तरच्या दुष्काळात मी दहा वर्षांची. आईबरोबर खडी फोडायला जायचे. दुपारी सरकारी सुकडी मिळायची, गोड भाजक्या पिठाची, ती मुठीत धरून चाटायचे, लवकर संपू नये म्हणून. धाकटा भाऊ हणमंत दाराशी बसून भूक भूक करत गेला. आणि इथं भरल्या घरात सुई टोचून लेकराची भूक मारतात! फॅशन असणार बारीक राहायची.

८ नोव्हेंबर

गावाकडं ढोरांचे डॉक्टर लस आणायचे ती बर्फाच्या डब्यात. एकदा डबा उन्हात राहिला, तर म्हणाले, झालं पाणी, फेकून द्या. ते माझ्या ध्यानात होतं. आज दोघं कामावर, पोरगी शाळेत. फ्रिजातल्या त्या औषधाच्या सगळ्या बाटल्या कढत पाण्यात ठेवल्या, चांगल्या तासभर. पुसून पुन्हा जागच्या जागी. पाप वाटलं नाही, खरं सांगते.

१५ नोव्हेंबर

खाल्लं गं बाई, खाल्लं! हवा खराब म्हणून शाळा बंद, दोघीच घरी. मी थापत गेले, ती खात गेली. पाच भाकरी. शेवटची तर तव्यावरूनच उचलली, बोट भाजलं तरी सोडेना. मग माझा हात चाटला. आजी, तुझ्या हाताला तुपाचा वास येतो, म्हणाली. डोळे भरून आले माझे.

रेवती आली, रिकामे डबे बघून पांढरी पडली. बाटलीवरची तारीख वाचत उभी राहिली. मी आपली भांडी घासत होते.

२० नोव्हेंबर

पोरीनं कच्चं पीठ खाल्लं. साबण खाल्ला. कुंडीतली कोरफड मुळासकट. फ्रिजला कुलूप लागलं.

समाधाननं आज बसवून सांगितलं. म्हणे, अंगातली चरबी रक्तातून डोक्याला निरोप धाडते, पुरे झालं म्हणून. उन्नतीच्या अंगात तो निरोप तयारच होत नाही. कितीही खाल्लं तरी डोक्याला वाटतं, आपण उपाशी मरतोय. रेवतीकडं तसलेच उंदीर आहेत, फुगून गोळ्यासारखे झालेत, हलता येईना, तरी खातात. तो निरोप बाटलीत होता. ती चार वर्षांची असताना स्वयंपाकघराचं दार बंद ठेवलं, तर पोरीनं दातांनी—

उंदीर नव्हते.

रेवती रडली. म्हणाली, लोक पोरीला राक्षसीण म्हणायचे, म्हणून तुम्हालाही सांगितलं नाही, आई. औषध आता का चालेना, तेच कळत नाही.

 बाटल्यांचं सांगितलं तर मला परतीच्या गाडीत बसवतील. पोरगी पुन्हा दिसायची नाही. उद्या सांगते.

२२ नोव्हेंबर

नाही सांगितलं. नवीन बाटल्या यायला आठ दिवस लागतील. तिनं स्वतःच्या बोटांची कातडी खाल्लीय. रडते आणि खाते. म्हणते, आजी, मला नकोय, मला थांबव ना.

मी चोरून भाकर दिली. हात थांबत नाही माझा.

२४ नोव्हेंबर, दुपार

पोरगी रेवतीच्या दंडाला चावली. लचकाच. रेवती दवाखान्यात गेली. समाधान नोएडाला, कुणाकडं एक बाटली आहे म्हणे. जाताना म्हणाला, आई, स्वयंपाकघरात बस, आतून कडी लाव, काहीही झालं तरी—

मी आत. पोरगी बाहेर.

कुरतडतेय. खालच्या कडेला.

समाधान, बाटल्या मी गरम केल्या. सगळ्या. तुझ्या आईनं. डॉक्टरला बोल लावू नकोस, रेवतीला तर

थांबली. फटीतून बोटं आत आलीत. रक्ताची, बारकी. म्हणते, आजी, वास येतोय तुझा.

हणमंतही असाच दाराशी—

डबे सगळे शेजारी नेऊन ठेवलेत. इथं खायला काही नाही. मी आहे आणि

भुकेलं लेकरू बाहेर ठेवून बसू कशी मी. नाही जमत. कडी काढते. आधी हात धुते, तुपाचा