कात्री कुणाच्या हातात

सोमवार, ३ मार्च
उजव्या मनगटाने आज चक्क संप पुकारला. शाळेच्या बँडचे कोट बेतताना कात्री हातातून सुटली — फरशीवर खण्णकन! डॉक्टर म्हणाले, "वर्षानुवर्षं तीच ती हालचाल, दुसरं काय होणार?" आधी लेझर करून बघायचं. गुण नाही आला तर ऑपरेशन. म्हणजे दुकानाला कुलूप!

बुधवार, ५ मार्च
लेझर म्हटल्यावर मी धसकाच घेतला होता — हात भाजणार, धूर निघणार! कसलं काय! गॉगल लावून बसले, मनगटावर पेनासारखं काहीतरी फिरलं, जरासं कोमट लागलं, संपलं. फिजिओबाईंनी मात्र दम दिला, "सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. आणि कात्री धरलीत तर लेझर बिचारं काय करणार?"

मग बेतणार कोण? ह्यांना बटणसुद्धा लावता येत नाही.

गुरुवार, ६ मार्च
सासूबाई! दुकान माझ्या हाती दिल्यापासून नुसत्या खिडकीशी बसून असायच्या. जेवायलाही दहा हाका. आज ताडकन उठल्या. "सर बाजूला!" आणि पहिल्याच कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या! मला वाटलं, आता रडतील. तर हसून हसून खुर्चीत बसल्या. मीही.

शुक्रवार, १४ मार्च
ठणका कमी. कोट झकास उतरतायत. सासूबाई गिऱ्हाइकांना दटावतात, "पोट आत ओढू नका, माप चुकतं!" मलाही उठसूट टोकतात. डोकं फिरतं माझं! पण हाक मारायच्या आत जेवायला येतात.

सोमवार, २४ मार्च
बरणीचं झाकण उघडलं! एका झटक्यात! फिजिओबाई म्हणाल्या, "ऑपरेशन विसरा. हळूहळू कामाला लागा." नाचतच घरी आले. दारातूनच ओरडून सांगणार होते.

सासूबाई कानावर खडू खोचून गुणगुणत होत्या. मला बघून गप्प झाल्या. "हात कसा आहे गं?" विचारलं, पण कात्री काही खाली ठेवली नाही.

म्हटलं, "अजून ठणकतोय हो."

गुरुवार, २७ मार्च
घाईत मनगटाची पट्टी डाव्या हाताला बांधून दुकानात गेले! सासूबाईंनी आधी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाही चुकली गं," म्हणाल्या. आणि पुढचं कापड ओढून घेत, "असू दे. दुखू दे अजून थोडे दिवस."